‘आहे’ला क्रियापद का म्हणायचं? : करणारी आणि जोडणारी क्रियापदं शिकवताना



आजचा विषय तसा लहान आहे. पण या लहान विषयाने मला माझीच एक चूक दाखवली, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमच्या बावधनच्या वर्गात पाचवीला क्रियापद शिकवून झालं होतं. सराव म्हणून दहा वाक्यं दिली आणि क्रियापद अधोरेखित करायला सांगितलं. ‘राजू चेंडू फेकतो’, ‘आजी गोष्ट सांगते’ ही वाक्यं सगळ्यांची बरोबर आली. सातवं वाक्य होतं, ‘माझा भाऊ हुशार आहे.’ एका मुलीने तिथे काहीच अधोरेखित केलं नव्हतं. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘यात क्रियापद नाही.’

मी लाल पेनाने फुली मारली आणि ‘आहे’खाली रेघ ओढली. वही परत मिळाल्यावर ती टेबलाजवळ आली.

“बाई, तुम्हीच सांगितलंत ना, क्रिया दाखवतं ते क्रियापद? मग यात भाऊ काय करतोय?”

मी म्हटलं, “अगं, ‘आहे’ हे क्रियापदच असतं.” ती “बरं” म्हणून जागेवर जाऊन बसली. तिचं समाधान झालेलं नाही हे मला दिसत होतं. खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं. मी दिलेला नियम तिने प्रामाणिकपणे वापरला होता आणि मी त्याच नियमासाठी तिचा गुण कापला होता.

व्याख्येचा अर्धा भाग आपण गाळतो

क्रियापदाची जी व्याख्या आपण सगळे लहानपणापासून पाठ करत आलो, तिच्यात दोन गोष्टी असतात. एक, हा शब्द क्रिया दाखवतो. दोन, तो वाक्याचा अर्थ पूर्ण करतो. वर्गात शिकवताना पहिल्या भागावर जोर येतो, कारण तो करून दाखवता येतो. आपण उडी मारतो, टाळी वाजवतो, मुलं हसतात, क्रियापद ‘समजतं’. दुसरा भाग फळ्यावरच राहतो.

‘आहे’ला मात्र क्रियापदात जागा मिळते ती या दुसऱ्या भागामुळेच. ‘माझा भाऊ हुशार’ यात दोन तुकडे आहेत. ‘माझा भाऊ’ हा एक आणि ‘हुशार’ हा दुसरा. ‘आहे’ हे दोन्ही जोडतं आणि विधान पुरं करतं. त्यात कोणी काही करत नाही, हे त्या मुलीचं म्हणणं अगदी बरोबर होतं. चुकली होती ती माझी अर्धी व्याख्या.

इंग्रजी व्याकरणात या दोन प्रकारांना ॲक्शन व्हर्ब आणि लिंकिंग व्हर्ब म्हणतात. मराठीत शिकवताना मी सरळ ‘करणारी क्रियापदं’ आणि ‘जोडणारी क्रियापदं’ म्हणते. आपल्या व्याकरणाला हा विचार नवा नाही. वाक्यपृथक्करण शिकताना आपण ‘विधानपूरक’ नावाचा एक रकाना भरत होतो, तो आठवतो का? ‘राम राजा झाला’ यातला ‘राजा’ त्या रकान्यात जायचा. ज्या क्रियापदाला असा पूरक शब्द लागतो, तेच आपलं जोडणारं क्रियापद. मोठ्या वर्गात आपण रकाना शिकवतो, लहान वर्गात क्रियापद शिकवतो, पण दोन्हींचा संबंध सांगायचा राहून जातो.

चांदणी चौकाचा धडा

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि मुलांच्या रोजच्या रस्त्यावरचा विषय घेतला. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोट घडवून पाडला, हे आमच्याकडच्या पोरासोरांना माहीत आहे. नव्या उड्डाणपुलाचं उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ ला झालं. मी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली.

१. जुना पूल अपुरा पडला.
२. जुना पूल पाडला.
३. जुना पूल पडला.

विचारलं, “पहिल्या वाक्यात पूल खाली पडला का?” वर्ग हसला. “नाही बाई, तेव्हा तो उभाच होता. गाड्या जास्त झाल्या होत्या.”

“मग ‘पडला’ने काय केलं?”

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं, “पूल कसा होता ते सांगितलं. अपुरा.”

हेच मला हवं होतं. दुसऱ्या वाक्यात कोणीतरी काम केलं. तिसऱ्यात पुलाचं काहीतरी घडलं. पहिल्या वाक्यात काहीच घडलं नाही. ‘पूल’ आणि ‘अपुरा’ या दोघांची गाठ तेवढी मारली गेली. ‘पडणे’ हा शब्द तोच, पण एका वाक्यात तो जोडतो आणि दुसऱ्या वाक्यात घडलेलं सांगतो.

या पाठाचं मर्म इथेच आहे. जोडणाऱ्या क्रियापदांची यादी पाठ करून घेऊ नका. क्रियापद त्या वाक्यात कोणतं काम करतंय ते बघायला शिकवा. यादी पाठ केलेलं मूल ‘पडणे’ करणाऱ्यांत टाकतं आणि पहिल्या वाक्यावर अडतं.

मराठीत अशी दुहेरी कामं करणारी क्रियापदं भरपूर आहेत. फळ्यावर दोन रकाने करून ही वाक्यं समोरासमोर लिहा. आधी जोडणारं वाक्य, मग दुसरं.

– लागणे : कैरी आंबट लागते. / पायाला दगड लागला.
– वाटणे : पेपर सोपा वाटला. / आजीने चटणी वाटली.
– निघणे : आंबा नासका निघाला. / बस स्वारगेटला निघाली.
– राहणे : पोळी कच्ची राहिली. / मामा पौडला राहतो.
– ठरणे : आमचा अंदाज खरा ठरला. / आमची सहल ठरली.
– होणे : रामनदी पावसाळ्यात मोठी होते. / काल शाळेत स्पर्धा झाली.

‘चटणी वाटली’वर मुलं खूश होतात. एकाने लगेच भर घातली, “आईने साखर वाटली. आणि साखर कमी वाटली!” शेवटच्या वाक्याचे दोन अर्थ होतात हे त्याच्या लक्षात आल्यावर तास त्या वाक्यावरच संपला. असा तास वाया गेला असं मी मानत नाही.

ओळखायचं कसं? तीन कसोट्या

*पहिली कसोटी : ‘आहे’ ठेवून बघा.*

आधी वाक्यात कर्त्याविषयी ‘कसा?’ किंवा ‘कोण?’ याचं उत्तर देणारा शब्द शोधायचा. मग क्रियापद काढून तिथे ‘आहे’ ठेवायचं. ‘कैरी आंबट लागते’ याचं ‘कैरी आंबट आहे’ होतं. चव घेतल्याची छटा गेली, पण मूळ सांगणं टिकलं. म्हणजे ‘लागते’ जोडणारं. ‘आजीने चटणी वाटली’ याचं ‘आजीने चटणी आहे’ होतं आणि वाक्यच मोडतं. म्हणजे करणारं.

इथे एक फसगत होते, ती आधीच सांगून ठेवते. ‘ताई घरी गेली’ याचं मुलं ‘ताई घरी आहे’ करतात आणि म्हणतात, “बघा, वाक्य बरोबर आहे, म्हणजे ‘गेली’ जोडणारं!” म्हणून दोन प्रश्न सोबत द्यावे लागतात. ‘घरी’ हे ‘कुठे?’चं उत्तर आहे, ‘कशी?’चं नाही. आणि ‘आहे’ ठेवल्यावर एखादी कृती हरवली का? इथे जाणं हरवलं. कृती हरवली तर ते क्रियापद करणारंच.

*दुसरी कसोटी : मुलग्याच्या जागी मुलगी आणा.*

ही सोय मराठीत आहे, इंग्रजीत नाही. ‘मुलगा शहाणा झाला’, ‘मुलगी शहाणी झाली’, ‘पोरं शहाणी झाली’. जोडलेला शब्द कर्त्याप्रमाणे बदलला, कारण तो कर्त्याचाच गुण सांगतो. आता ‘मुलगा मोठ्याने ओरडला’, ‘मुलगी मोठ्याने ओरडली’. ‘मोठ्याने’ जागचं हललं नाही, कारण ते ओरडण्याविषयी सांगतं.

‘हुशार’, ‘गोड’, ‘लाल’ असे न बदलणारे शब्द आले तर ही कसोटी चालत नाही. त्या जागी ‘मोठा’, ‘काळा’, ‘शहाणा’ असा बदलणारा शब्द घालून बघायचा. आणि एक अपवाद आमच्याच वर्गातल्या मुलांनी शोधला. ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते.’ इथे ‘चांगला’ बदलतो, पण ‘गाणे’ तर उघड उघड करणारं क्रियापद. मग पहिल्या कसोटीकडे जायचं. ‘ती चांगली आहे’ म्हटलं की गाणं हरवलं. निकाल लागला. म्हणून दुसरी कसोटी एकटी वापरू नका, ती पहिलीच्या जोडीला आहे.

*तिसरी कसोटी : ‘ने’ लागतो का?*

साध्या भूतकाळात कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागला असेल तर क्रियापद करणारं, हे डोळे झाकून म्हणा. ‘बाबांनी भाजी चिरली’, ‘ताईने पत्र लिहिलं’. ‘ताईने शहाणी झाली’ असं कोणी म्हणत नाही. पण उलट नियम लावू नका. ‘ताई पळाली’ यात ‘ने’ नाही, तरी पळणं ही क्रियाच आहे. शिवाय ‘मुलांनी शहाणं व्हावं’ या वाक्यात ‘नी’ येतो, म्हणूनच ‘साध्या भूतकाळात’ ही अट महत्त्वाची.

तीन ठिकाणी मुलं अडतात

पहिली अडचण म्हणजे ‘क्रिया’ शब्दाचा अर्थ. मुलांना वाटतं, हातपाय हलले तरच क्रिया. मग झोपणं, आठवणं, घाबरणं यांचं काय? ‘आजी झोपली’ यात आजीने काही ‘केलं’ का, यावर आमच्याकडे जोरदार वाद झाला. मी सांगते, शरीराने केलेलं, मनाने केलेलं आणि आपोआप घडलेलं, हे सगळं एकाच घरात ठेवा. दुसऱ्या घरात फक्त जोडणारी.

दुसरी अडचण ‘आहे’चीच. ‘आहे’ दिसलं की जोडणारं, असा सोपा नियम मुलं स्वतःच बनवतात. पण ‘आहे’ची कामं तीन आहेत. ‘भाऊ हुशार आहे’ इथे ते जोडतं. ‘मुलं खेळत आहेत’ इथे ते ‘खेळत’ला साथ देणारं सहायक क्रियापद आहे, खरी क्रिया खेळण्याची. ‘शाळेमागे टेकडी आहे’ इथे ते टेकडीचं अस्तित्व सांगतं, गुण सांगत नाही. पाचवीला मी पहिली दोन कामं पक्की करते, तिसऱ्याची ओळख करून देते आणि परीक्षेत विचारत नाही.

तिसरी अडचण म्हणजे न दिसणारं ‘आहे’. बोलताना आपण ‘हा माझा भाऊ’, ‘हे आमचं घर’ एवढंच म्हणतो आणि वाक्य पुरं होतं. आमच्या वर्गात काही मुलांच्या घरी कन्नड बोलतात. कन्नडमध्ये ‘ती माझी बहीण’ अशा वाक्याला क्रियापद लागतच नाही. त्या मुलांना ‘आहे’ हा फालतू शब्द वाटला तर नवल नाही. ‘नाही’चंही तसंच. ‘तो आजारी नाही’ यात क्रियापद कोणतं, असं विचारलं तर मुलं गोंधळतात. ‘नाही’ हेच तिथलं क्रियापद. काळ बदला, ‘तो आजारी नव्हता’ असं होतं. काळाप्रमाणे रूप बदललं, म्हणजे ते क्रियापद हे मुलांना पटतं.

‘आय ॲम ॲग्री’ कुठून येतं?

राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला. त्यामुळे बावधनसारख्या भागात एकच मूल सकाळी इंग्रजी व्याकरण आणि दुपारी मराठी व्याकरण शिकतं. दोन्ही शिक्षकांनी एकमेकांशी बोललं तर दोघांचंही काम हलकं होईल.

‘आय ॲम ॲग्री’ ही चूक आपण सर्रास ऐकतो. मूल मराठीत विचार करतं, ‘मी सहमत आहे’. मराठीत ‘सहमत’ हा गुण आणि ‘आहे’ जोडणारं. इंग्रजीत ‘ॲग्री’ हे स्वतःच पूर्ण क्रियापद, त्याला ‘ॲम’ची गरज नाही. उलटं उदाहरण भुकेचं. मराठीत ‘मला भूक लागली’ यात भूक येऊन लागते. इंग्रजीत ‘आय ॲम हंग्री’, म्हणजे मी आणि भुकेला या दोघांची जोडणी. एकच अनुभव दोन भाषा वेगवेगळ्या क्रियापदांवर सोपवतात.

‘ही इज प्ले’ या चुकीचं मूळही ‘आहे’मध्ये दिसतं. ‘तो खेळत आहे’ यातल्या ‘आहे’साठी ‘इज’ आठवतो, पण ‘खेळत’मधला ‘त’ इंग्रजीत न्यायचा राहतो. अशा वेळी नुसतं ‘चूक’ म्हणण्याऐवजी दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहा आणि जोडणारं कोणतं, साथ देणारं कोणतं हे मुलालाच विचारा. इंग्रजीतही ‘द सूप टेस्ट्स गुड’ आणि ‘मदर टेस्ट्स द सूप’ यांत आपल्या ‘लागणे’सारखाच खेळ आहे. पहिल्यात ‘टेस्ट्स’च्या जागी ‘इज’ ठेवता येतं, दुसऱ्यात नाही. तीच कसोटी, तेच उत्तर.

घरी करण्यासारखं

पालकहो, यासाठी वेगळी वही नको. स्वयंपाकघर पुरेसं आहे. जेवताना दोन दोन वाक्यं म्हणायची. एक करणारं, एक जोडणारं. ‘बाबांनी भात लावला. भात मऊ झाला.’ ‘मी ताक घुसळलं. ताक आंबट निघालं.’ मुलाने चुकीचं सांगितलं तर लगेच दुरुस्त करू नका, ‘आहे’ ठेवून बघायला सांगा. चार दिवसांत मूल तुमचीच वाक्यं पकडायला लागेल.

शेवटी, मला सापडलेली गोष्ट

पाठ संपवताना मी मुलांना स्वतःबद्दल पाच वाक्यं लिहायला सांगितली आणि प्रत्येक क्रियापदापुढे ‘क’ किंवा ‘ज’ लिहायला सांगितलं. एका मुलाच्या वहीत पाचही वाक्यं जोडणारी होती. ‘मी बारीक आहे. मी गणितात कच्चा आहे. मी वर्गात मागे आहे.’ अशीच पुढची दोन. पुढे नीट ‘ज’ लिहिलेलं. व्याकरण जवळपास बरोबर होतं. ‘मागे’वर चर्चा करता आली असती. पण ती वही माझ्याने लगेच मिटवेना.

मी त्याला जवळ बसवलं आणि म्हटलं, “दुसरं वाक्य करणाऱ्या क्रियापदाने लिहून दाखव. गणितात तू नक्की काय करतोस?” त्याला बराच वेळ लागला. मग त्याने लिहिलं, ‘मी भागाकारात पुढचा अंक खाली घ्यायला विसरतो.’

‘कच्चा आहे’ याला माझ्याकडे उपाय नव्हता. ‘अंक घ्यायला विसरतो’ याला होता. आम्ही आठवडाभर रोज पाच भागाकार केले, खाली घेतलेल्या अंकावर बाण काढून. तो लगेच पहिला आला वगैरे काही नाही. पण विसरणं कमी झालं आणि पुढच्या वेळी त्याने आपणहून सांगितलं, “बाई, आता मी शून्य द्यायला विसरतो.”

त्या संध्याकाळी मी प्रगतिपुस्तकांतले माझेच शेरे वाचले. ‘अभ्यासात कमकुवत आहे.’ ‘चंचल आहे.’ ‘अक्षर खराब आहे.’ सगळी जोडणारी क्रियापदं! मुलाला एका शब्दाशी बांधून ठेवणारी. पालकांनी ते वाचून काय करायचं, हे त्यात कुठेच नव्हतं. या सत्रापासून मी शेरा लिहिताना निदान एक करणारं क्रियापद घालते. ‘वाचताना ओळी गाळतो, बोट ठेवून वाचायला लावा.’ ‘उत्तर येतं, पण हात वर करत नाही.’

जोडणारी क्रियापदं वाईट नाहीत. ‘तू माझा शहाणा बाळ आहेस’ हे आपण म्हणायलाच हवं. पण मूल अडतं तेव्हा ‘कसा आहे’ सोडून ‘काय करतो’ हे विचारावं, एवढं मला या पाठाने शिकवलं.

आणि हो, सातव्या वाक्याचा तो गुण मी त्या मुलीला परत दिला. तिच्या वहीत फुलीशेजारी लिहिलं, ‘तुझा प्रश्न बरोबर होता.’ तिने खाली पेन्सिलने ‘ज’ काढला.

करून बघा. तुमच्या वर्गातल्या मुलांनी कसोट्यांना एखादा नवा अपवाद शोधला, तर तोही पुढच्या पाठात घ्या.